त्वचेचा दवाखाना निवडताना

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर झालेले भाषण. स्मरणिका समितीच्या आग्रहावरून थोडा विस्तार करून देत आहे.)



कट्ट्यावर बोलायला सांगितलं तेव्हा सगळ्यांना वाटलं होतं की मी नॉमिनेशन, मृत्युपत्र नाहीतर मुदतठेवीवरचा टीडीएस यांपैकी काहीतरी घेईन. मी म्हटलं, त्वचेवर बोलतो. सेक्रेटरी क्षणभर बघतच राहिले. मग म्हणाले, "काका, बँकेत वसुलीचं काम केलेल्या माणसाची कातडी जाडच असणार, तिच्यावर काय बोलणार?" हसून झालं. पण मी विषय बदलला नाही, कारण या विषयावर मला तुमचं थोडं देणं आहे. ते काय, हे पुढे सांगतो.

आपण २००० साली इथे राहायला आलो, तेव्हा घोडबंदर रोड आजच्यासारखा नव्हता. संध्याकाळनंतर रिक्षावाले इकडे यायला कुरकुर करायचे. औषधाचं दुकान एक आणि फॅमिली डॉक्टर एक. आज गेटमधून बाहेर पडलं की पाट्याच पाट्या. स्किन, हेअर, लेझर, एस्थेटिक, ग्लो. मागच्या आठवड्यात सकाळी फिरायला गेलो तेव्हा मुद्दाम मोजल्या. आपल्या गेटपासून दुसऱ्या सिग्नलपर्यंत अकरा भरल्या. राममारुती रोडला जा, गोखले रोडला जा, डोंबिवलीत फडके रोडला जा, तेच चित्र. यांतले काही उत्तम डॉक्टर आहेत, काही पार्लर आहेत, आणि काही नेमकं काय आहेत ते त्यांचं त्यांना ठाऊक. पाटीवरून आपल्याला ते कळत नाही. न कळल्यामुळे काय होतं, ते मी माझ्या घरात पाहिलं आहे.

आता जे सांगणार आहे ते सौ.च्या परवानगीने सांगतो. खरं म्हणजे तीच म्हणाली, "अहो, एकदा सांगून टाका सगळ्यांना."

साधारण २०१३ सालची गोष्ट. सौ.च्या दोन्ही गालांवर वांग आले होते. वय झालं की येतात, म्हणून आम्ही सोडून दिलं होतं. मग नात्यातल्या एका लग्नात डोंबिवलीच्या माझ्या मेहुणीने एका ट्यूबचं नाव सांगितलं. तिला फरक पडला होता. मी दुसऱ्या दिवशी औषधाच्या दुकानात गेलो, नाव सांगितलं, ट्यूब मिळाली. चिठ्ठी कोणी मागितली नाही, मीही विचारलं नाही. तीन आठवड्यांत वांग फिके झाले, चेहरा उजळला. हळदीकुंकवाला बायका विचारू लागल्या, "काय लावता हो?" सौ.ने ट्यूबचं नाव सांगितलं.

मेहुणीला ती ट्यूब तिच्या डॉक्टरांनी सहा आठवड्यांसाठी दिली होती. ट्यूबचं नाव आमच्यापर्यंत आलं, सहा आठवडे आले नाहीत.

सौ.ने ती साडेतीन वर्षं लावली. लावणं थांबवलं की चार दिवसांत चेहरा लाल व्हायचा, आग व्हायची. पुन्हा लावली की थंड. आम्हाला वाटायचं, बघा, औषध किती गुणकारी आहे! "अहो, ट्यूब संपली," असं ती म्हणाली की मी संध्याकाळी फिरून येताना घेऊन यायचो. दर महिन्याला. म्हणजे या सगळ्यात पुरवठा खातं माझ्याकडे होतं. तिसऱ्या वर्षी उन्हात गेलं की चेहरा भाजल्यासारखा व्हायला लागला. गालांवर बारीक लाल शिरा दिसू लागल्या, हनुवटीवर पुळ्या आल्या, ओठांवर लव वाढली. आम्हाला वाटलं वयाचं आहे, उष्णतेचं आहे. गुलकंद झाला, सब्जा झाला.

त्यानंतर एका बारशाला गेलो असताना एका लहान मुलीने सगळ्यांसमोर विचारलं, "आजी, तुमचं तोंड असं का झालंय?" लेकराचा काय दोष? पण घरी आल्यावर सौ. रडली. दुसऱ्या दिवशी मी दवाखाना शोधायला निघालो.

पहिली चूक मी तिथेच केली. सगळ्यात मोठी पाटी बघून आत शिरलो. एसी, सोफा, भिंतीवर एका नटीचा फोटो. डॉक्टर भेटलेच नाहीत. 'काउन्सेलर' म्हणून एक मुलगी होती, बोलायला फार गोड. तिने सौ.चा चेहरा लांबूनच बघितला आणि म्हणाली, "आंटी, पिगमेंटेशन आहे. सहा सिटिंगचं पॅकेज घ्या. आज भरलेत तर तीस टक्के सूट." रक्कम पंचेचाळीस हजार. हप्त्यांची सोय होती. मी विचारलं, हे कशामुळे झालंय? ती म्हणाली, "ते डॉक्टर सिटिंगच्या वेळी सांगतील."

मंडळी, मी छत्तीस वर्षं बँकेत काढली. कर्ज मागायला आलेला माणूस "आधी रक्कम मंजूर करा, कशासाठी पाहिजे ते नंतर सांगतो," म्हणाला असता तर मी त्याला चहा पाजून परत पाठवलं असतं. इथे मी पैसे द्यायला बसलो होतो आणि कशासाठी देतोय ते मला कळत नव्हतं. नाव मी घेणार नाही, तशा जागा पुष्कळ आहेत. आम्ही उठलो आणि घरी आलो.

मग आपल्या फॅमिली डॉक्टरांनी एका त्वचारोगतज्ज्ञ मॅडमचं नाव लिहून दिलं. तिथे सोफा नव्हता, प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या. मॅडमनी खिडकीजवळ उजेडात बसवून चेहरा पाहिला. मग विचारलं, "काय काय लावता?" सौ. म्हणाली, एक ट्यूब. "घरात जेवढ्या ट्यूब, क्रीम, तेलं असतील तेवढी पिशवीत घालून उद्या घेऊन या. आज मी काही लिहून देत नाही." दुसऱ्या दिवशी पिशवी टेबलावर उपडी केली. त्यातली ती ट्यूब त्यांनी उचलली, मागचे बारीक अक्षरांतले घटक वाचले आणि विचारलं, "किती दिवस?" साडेतीन वर्षं म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं.

त्या ट्यूबमध्ये तीन औषधं होती. रंग उतरवणारं हायड्रोक्विनोन, त्वचेचा वरचा थर सोलणारं ट्रेटिनॉइन, आणि तिसरं स्टेरॉइड. त्यांनी समजावून सांगितलं की हे वांगावरचं खरंखुरं औषध आहे, वाईट नाही. पण ते डॉक्टरच्या देखरेखीखाली, ठरावीक आठवडे लावायचं असतं. स्टेरॉइड चेहऱ्यावर महिनोन् महिने लावलं की त्वचा पातळ होते, शिरा दिसू लागतात, पुळ्या येतात, लव वाढते. आणि त्वचेला त्याची सवय लागते, म्हणून थांबवलं की आगडोंब होतो. ज्याला आम्ही गुण समजत होतो ते व्यसन होतं. वांगाचा आजार राहिला बाजूला, उपचाराचाच आजार झाला होता.

त्यांनी ट्यूब बंद केली. साधं मॉइश्चरायझर, सनस्क्रीन आणि काही गोळ्या दिल्या. आणि स्पष्ट सांगितलं, "आधी वाढेल, मग कमी होईल. दोन-तीन महिने वाईट जातील. त्या काळात घाबरून पुन्हा ट्यूब लावू नका." तसंच झालं. चेहरा सुजला, लालबुंद झाला. रात्री ओला पंचा ठेवून ती झोपायची. त्या वर्षी आपल्या कोजागिरीला सौ. खाली आली नाही, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी विचारलं होतं. मी सांगितलं, गुडघे दुखतात. ते खोटं होतं. ती आरशासमोरसुद्धा जात नव्हती.

आठ महिन्यांनी चेहरा शांत झाला. गालांवरच्या काही शिरा राहिल्या, त्या राहणारच. वांगही थोडे राहिलेत. सौ. आता त्यांच्याकडे बघत नाही.

आता तुमचं देणं. त्या ट्यूबचं नाव आम्ही या सोसायटीत निदान चार घरांत सांगितलं होतं. आमच्या हिचा चेहरा बघून त्यांनी मागितलं आणि आम्ही कौतुकाने दिलं. खरा प्रकार कळल्यावर मी त्यांतल्या दोन घरी जाऊन बंद करा म्हणून सांगितलं. उरलेल्या दोन घरी लाजेपायी गेलो नाही. त्यांतलं एक कुटुंब आता इथे राहतही नाही. माझ्या चुकीचा हिशोब मी एवढ्या उशिरा देतोय, त्याबद्दल क्षमा मागतो. आणि म्हणूनच आज हा विषय.

मला या सगळ्यातून जे कळलं ते आपल्या बी विंगच्या भिंतीच्या उदाहरणाने सांगतो. पाचव्या मजल्याच्या जिन्यात ओल आली होती, आठवतं ना? तीन वेळा रंगारी बोलावून रंग काढला. दर पावसाळ्यात पुन्हा डाग. चौथ्या वेळी एका प्लंबरने गच्चीवरचा पाइप शोधून काढला, तेव्हा भिंत सुकली. त्वचेचंही असंच आहे. डाग दिसतो भिंतीवर, गळती असते दुसरीकडे. जो आधी गळती शोधतो तो डॉक्टर. जो थेट रंगाचा डबा उघडतो त्याच्याकडे जाऊ नका, मग त्याच्या भिंतीवर कोणाचाही फोटो असो.

हे नुसतं तत्त्वज्ञान नाही. दोन उदाहरणं देतो. मान काळी पडली, मखमलीसारखी जाड झाली की आपण घासतो, लिंबू लावतो, मुलांना ओरडतो की आंघोळ नीट करत नाहीस. तो मळ नसतो. पुष्कळदा शरीरात इन्सुलिन नीट काम करत नसल्याची ती खूण असते आणि पुढे मधुमेह येऊ घातलेला असतो. त्या मानेवर लेझर मारून पैसे घेणारा मिळेल, पण साखर तपासायला सांगणारा तुमचा हितचिंतक. तसंच तरुण मुलीच्या हनुवटीवर अचानक राठ केस येऊ लागले आणि पाळीही अनियमित असली, तर लेझरच्या आधी हार्मोन्स तपासायला हवेत. ते न करता आठ सिटिंग केली तर केस पुन्हा येतात आणि पुन्हा पॅकेज येतं.

आता प्रत्यक्ष निवड कशी करायची. बँकेत आम्ही 'ग्राहकाला ओळखा' म्हणून कागदपत्रं मागायचो. इथे ग्राहक आपण, तेव्हा आपण डॉक्टरला ओळखायचं.

पहिलं, पदवी. एम.बी.बी.एस.नंतर त्वचारोगात तीन वर्षांचं एम.डी. किंवा डी.एन.बी., नाहीतर दोन वर्षांची पदविका, ती डी.व्ही.डी., डी.डी.व्ही. अशा अक्षरांनी लिहितात. ही अक्षरं शोधा. 'कॉस्मेटॉलॉजिस्ट', 'एस्थेटिक फिजिशियन', 'स्किन एक्स्पर्ट' हे शब्द ऐकायला भारी आहेत, पण त्यांच्यामागे काही आठवड्यांचा कोर्सही असू शकतो. आयुर्वेद आणि होमिओपॅथीचे डॉक्टर त्यांच्या शास्त्राचे डॉक्टर आहेत, त्यांचा मान राखून सांगतो, तुम्ही कोणाकडून कोणत्या शास्त्राचा उपचार घेताय हे तुम्हाला माहीत असावं. एवढंच.

दुसरं, नोंदणी. महाराष्ट्रात ॲलोपॅथीच्या डॉक्टरची नोंदणी महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे असते आणि दर पाच वर्षांनी तिचं नूतनीकरण करावं लागतं. नोंदणी क्रमांक दवाखान्यात दिसेल असा लावावा, चिठ्ठीवर आणि पावतीवर छापावा, असं डॉक्टरांच्या आचारसंहितेतच म्हटलं आहे. परिषदेच्या संकेतस्थळावर तो तपासता येतो. आपल्याला जमत नसेल तर नातवंडांना सांगा, दोन मिनिटांत करून देतील. त्याच आचारसंहितेत रुग्ण मिळवण्यासाठी जाहिरातबाजी करायला मनाई आहे. तेव्हा 'तीस टक्के सूट, फक्त आज' हे ऐकलं की समजा, तुमच्याशी दुकानदार बोलतोय.

तिसरं, पहिल्या भेटीत काय होतं ते बघा. आजार कधीपासून, घरात कोणाला आहे, काय लावता, कोणती औषधं घेता, मधुमेह, रक्तदाब, हे विचारलं का? उजेडात नीट पाहिलं का? आजाराचं नाव सांगितलं का? 'स्किन डल आहे' हे आजाराचं नाव नव्हे.

चौथं, मशीन कोण हाताळणार? लेझर चांगली वस्तू आहे, पण तो प्रकाश त्वचेतला रंग शोधत जातो. आपली त्वचा मुळात गव्हाळ, सावळी. गोऱ्या कातडीच्या हिशेबाने मशीन लावलं तर आपल्याकडे भाजतं आणि काळे डाग पडतात. म्हणून आधी छोट्या जागेवर चाचणी करून बघतात का, हे विचारा. 'केस कायमचे जातील' असं कोणी म्हटलं तर सावध व्हा. केस कमी होतात, बारीक होतात, आणि त्यालाही सहा-आठ सिटिंग लागतात. सुरकुत्यांची किंवा ओठ-गाल भरण्याची इंजेक्शनं घेणार असाल तर ती फक्त डॉक्टरच्या हातूनच घ्या. गाल भरायचं औषध चुकून रक्तवाहिनीत गेलं तर दृष्टी जाऊ शकते. पार्लरमध्ये ते घेणं म्हणजे इलेक्ट्रिशियनकडून दात काढून घेणं. केस प्रत्यारोपणाबद्दल तर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली लेखी सांगितलं की नुसत्या कार्यशाळेत बसून किंवा यूट्यूब बघून शिकणं हे पुरेसं प्रशिक्षण नाही. आयोगाला हे लिहावं लागलं, यातच सगळं आलं.

पाचवं, पैसा. संपूर्ण पॅकेजचे पैसे आधी भरू नका. एकेका सिटिंगचे द्या, पक्की पावती घ्या. हप्ते करून देतो म्हणाले तर लक्षात ठेवा, ते कर्ज आहे. दवाखाना बंद पडला तरी हप्ते चालू राहतात. आणि मेडिक्लेममध्ये सौंदर्योपचार बसत नाहीत. आपल्या मंडळींचा तो गैरसमज नेहमी असतो.

आता औषधाच्या दुकानातल्या ट्यूबविषयी थोडं, कारण दवाखान्याआधी आपण सगळे तिथेच जातो. २०१८ साली केंद्र सरकारने अनेक स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. नियम झाला. पण काउंटरवर काय चालतं ते तुम्हाला मला माहीत आहे. तेव्हा राखण आपणच करायची. ट्यूबच्या मागे क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी काही लिहिलं असेल तर ते स्टेरॉइड आहे. ही चार नावं भिंग घेऊन वाचा.

गजकर्णाचं, म्हणजे नायट्याचं, हेच झालंय. लोकलच्या गर्दीत घामाने भिजलेली माणसं, जांघेत खाज, दुकानातून ट्यूब. त्या ट्यूबमध्ये बुरशीचं औषध असतं आणि स्टेरॉइडही असतं. स्टेरॉइडमुळे दोन दिवसांत खाज थांबते, आपण खूश. आत बुरशी आरामात पसरते. मग एकाच टॉवेलमुळे घरभर. पूर्वी काही आठवड्यांत बरा होणारा नायटा आता महिनोन् महिने हटत नाही. २०२० साली जपानमधल्या संशोधकांनी या हट्टी बुरशीला नाव दिलं, त्या नावातच 'इंडो' आहे, कारण तिचा संबंध आपल्या देशाशी लागला. पुढे ती युरोपात आणि अमेरिकेतही सापडली. निर्यातीचा अभिमान वाटावा अशी ही गोष्ट नव्हे.

आणि गोरं करणाऱ्या क्रीमची तर बातच निराळी. अकोल्याची बातमी तुम्ही वाचली असेल, २०२३ च्या सुरुवातीला आली होती. कॉलेजात शिकणारी मुलगी, तिची आई आणि बहीण, तिघींच्या मूत्रपिंडांना त्रास सुरू झाला. कारण कळेना. तिघी एकच क्रीम लावत होत्या, ओळखीच्या ब्युटीशियनकडून घेतलेलं. परळच्या केईएम रुग्णालयात तपासणी झाली तेव्हा त्या क्रीममध्ये पारा निघाला. पाऱ्याने त्वचा उजळते, हे खरं आहे. तो त्वचेतून आत जाऊन मूत्रपिंड बिघडवतो, हेही खरं आहे. ज्या डबीवर कंपनीचं नाव, पत्ता, घटक, परवाना क्रमांक नाही, ती डबी फुकट मिळाली तरी घेऊ नका. गोरं करायच्या सलाइनचंही तेच. त्यातलं ग्लुटाथिओन आपल्याकडे यकृताच्या आजारासाठी आहे, रंग उजळायला त्याला मान्यता नाही.

एवढं सगळं आपण कशासाठी करतो? सावळ्या विठ्ठलापुढे डोकं टेकवतो आणि स्थळ बघताना 'मुलगी गोरी हवी' म्हणतो. 'फेअर अँड लव्हली' १९७५ साली आली, २०२० साली तिच्या नावातला 'फेअर' गेला. आपल्या बोलण्यातला अजून गेलेला नाही. मीही त्यातलाच. सौ.चा चेहरा उजळला तेव्हा मला बरं वाटलंच होतं ना!

कट्ट्यावर बहुतेक आपण सगळे सत्तरीचे, म्हणून आपल्या वयाच्या तीन गोष्टी सांगून आटोपतं घेतो. एक, नागीण. अंगाच्या एकाच बाजूला आग, मग पुरळाचा पट्टा. गेरू लावायचा, मंत्र घालायचा आणि तिचं तोंड-शेपटी जुळली की माणूस दगावतो, असं आपण लहानपणी ऐकलं. ते खरं नाही. खरं हे की पुरळ दिसल्यापासून ७२ तासांच्या आत गोळ्या सुरू केल्या तर फार फायदा होतो. उशीर झाला तर पुरळ जातो आणि कळ महिनोन् महिने राहू शकते. डोळ्याच्या आसपास असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. दोन, चेहऱ्यावरची न भरणारी जखम किंवा वाढणारा, रंग बदलणारा तीळ. महिनाभर वाट बघून झाली की तज्ज्ञाला दाखवा. तीन, फिकट चट्टा आणि त्यावर स्पर्श कळत नाही. तो कुष्ठरोग असू शकतो. घाबरू नका, लपवू नका. त्यावरची औषधं सरकारी केंद्रात मोफत मिळतात आणि तो पूर्ण बरा होतो. पांढरं कोड वेगळं, तिथे स्पर्श कळतो, आणि ते कोणाला लागत नाही.

खाजगी तज्ज्ञ परवडत नसेल तर संकोच कशाला? कळव्याला महापालिकेचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे, मेडिकल कॉलेजला जोडलेलं. पुढे गाडीने शीवचं लोकमान्य टिळक रुग्णालय, परळचं केईएम. केसपेपर काढायचा, रांगेत बसायचं. वेळ जातो, पण तिथे शिकलेला डॉक्टर तपासतो आणि शिकवणारा डॉक्टर मागे उभा असतो.

आणि काही बिघडलंच तर? गप्प बसू नका. चिठ्ठ्या, पावत्या, फोटो जपून ठेवा. आपले कागद मागितल्यावर ते ७२ तासांत द्यावेत असा नियम आहे. म्हणजे पुन्हा ७२, लक्षात ठेवायला सोपं. पैसे देऊन घेतलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच सांगितलं आहे. ठाण्यात जिल्हा ग्राहक आयोग आहे. डॉक्टरच्या वागणुकीची तक्रार वैद्यक परिषदेकडे करता येते.

शेवटी एक विनंती. आज घरी गेल्यावर औषधांचा डबा, आरशामागचं कपाट, उशाखालची ट्यूब, सगळं बाहेर काढा. मागची बारीक अक्षरं वाचा. जी चिठ्ठीशिवाय आली आहे, जी शेजाऱ्याने सांगितली आहे, ती बाजूला ठेवा. मात्र चेहऱ्यावर बरेच महिने लावत असाल तर मनाने एकदम बंद करू नका, आधी डॉक्टरला दाखवा, नाहीतर आमच्या सौ.सारखे दिवस एकट्याने काढावे लागतील. शेजारधर्म म्हणून वाटीभर साखर द्या, पाण्याचा टँकर वाटून घ्या, पण कोणाला ट्यूबचं नाव सांगू नका. सांगायचं असेल तर डॉक्टरचं नाव सांगा.

कमिटीला एक सूचना आहे. आपल्या आवारात वर्षातून एकदा नोंदणीकृत त्वचारोगतज्ज्ञ बोलवावा, आणि येणाऱ्याने काहीही विकायचं नाही ही अट असावी. खर्चाची पहिली वर्गणी माझी.

परवाच्या कोजागिरीला सौ. खाली आली होती. दूध तिनेच आटवलं. गच्चीवर दिवे मालवल्यावर कोणीतरी म्हणालं, "काकू, छान दिसताय." ती म्हणाली, "काहीच लावलं नाही हो." तुम्हाला ते सहज वाटलं असेल. मला तिथून उठून कठड्याशी जाऊन उभं राहावं लागलं.